'पुट डाउन' : एक इंग्रजी क्रियापद आणि १८७५ चे दख्खनचे दंगे

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक इंग्रजी वाक्य चुकीचं वाचलं आणि त्या चुकीवर प्रकरणाची चार पानं उभी केली. वाक्य साधं होतं. दख्खनच्या दंग्यांबद्दलच्या एका पुस्तकात लेखकाने म्हटलं होतं की हे दंगे गावपुढाऱ्यांच्या वजनाला 'पुट डाउन टू' केले गेले. मी वाचलं ते असं : गावपुढाऱ्यांच्या वजनामुळे दंगे शमले. झालं! पाटलांनी मध्ये पडून शांतता कशी राखली यावर मी चार पानं लिहिली, वर एक उपशीर्षकही दिलं.

मार्गदर्शक मॅडमनी पानं वाचली आणि समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं, "टू पाहा." मला कळेचना. दोन दिवसांनी कोश उघडला तेव्हा लख्ख दिसलं. लेखक नेमकं उलटं सांगत होता. दंग्यांचं कारण म्हणून गावपुढाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं, असा त्या वाक्याचा अर्थ. मी आरोपींना पंच करून टाकलं होतं.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, पेट किंवा नेट-सेट देत असाल आणि विषय एकोणिसाव्या शतकातला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांना इंग्रजी दस्तऐवजातले मोठे शब्द फारसे फसवत नाहीत. मोठा शब्द दिसला की आपण मुकाट कोश उघडतो. फसवतात ते छोटे. 'पुट' येतं, 'डाउन' येतं, मग कोश कशाला?

आधी थोडा व्याकरणाचा भाग, लवकर उरकतो. क्रियापदाला 'अप', 'डाउन', 'आउट', 'ऑफ' असा एखादा चिमुकला शब्द जोडायचा आणि वेगळाच अर्थ काढायचा ही इंग्रजीची जुनी खोड. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे आणि परक्यांना त्यांचाच सर्वात जास्त त्रास होतो असंही नोंदवलं आहे. म्हणजे आपली तक्रार जवळजवळ पावणेतीनशे वर्षं जुनी आणि खुद्द कोशकाराने मान्य केलेली! 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र त्या मानाने अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या पुस्तकात ते वापरलं आणि पुढे ते रूढ झालं.

आपल्याला ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. मराठीत आपण 'करून टाकलं', 'करून बसला', 'करून ठेवलं' असं म्हणतो तेव्हा काम एकच, पण 'बसला'मध्ये पश्चात्ताप येतो, 'टाकलं'मध्ये सुटका येते. परक्या माणसाने 'लग्न करून बसला' याचं भाषांतर 'लग्न करून खाली बसला' असं केलं तर आपण हसू. मी त्या पाटलांच्या बाबतीत तेच केलं होतं.

आता मूळ क्रियापद. 'पुट डाउन'चा शब्दशः अर्थ खाली ठेवणे. हातातली पिशवी खाली ठेवली, पुस्तक खाली ठेवलं, फोन ठेवला. मांडीवर झोपलेलं बाळ अंथरुणावर टाकलं तरी हेच. विमान एखाद्या शेतात उतरवलं तरी हेच. घर घेताना सुरुवातीला रोख रक्कम मोजली तर तीही 'पुट डाउन', आणि आपल्याकडे बिल्डरच्या तोंडी असलेलं 'डाउन पेमेंट' त्याच घराण्यातलं. आजारी कुत्र्याला डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं तरी इंग्रज माणूस हाच शब्द वापरतो, कारण 'मारलं' म्हणवत नाही. चारचौघांत कुणाचा पाणउतारा केला तर तोही. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सदस्याने प्रश्न किंवा दुरुस्ती रीतसर दाखल केली तर तिथेही हाच. लंडनची संसदीय कागदपत्रं वाचताना एखाद्या सदस्याने प्रश्न 'पुट डाउन' केला असं दिसलं तर प्रश्न दडपला असं समजू नका, विचारण्यासाठी नोंदवला असा अर्थ आहे.

हे सगळे अर्थ पाठ करायची गरज नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीनच वारंवार भेटतात. मी वहीत त्यांना तीन 'म' म्हणते : मोडलं, मांडलं, माथी मारलं.

मोडलं म्हणजे बंड, दंगा, प्रथा बळाने बंद करणे. हा अर्थ जुना आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये बलाढ्यांना सिंहासनावरून खाली खेचण्यासाठी हेच क्रियापद आलं आहे. तिथे खाली खेचणारा देव आहे आणि खाली येणारे सत्ताधीश. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या राणी सरकारच्या कागदांत मात्र खाली दाबणारं सरकार असतं आणि दाबला जाणारा रयतेतला कुणीतरी. शब्द तोच, दिशा पार फिरलेली. मांडलं म्हणजे कागदावर उतरवणे, नोंदवहीत लिहिणे. आणि माथी मारलं म्हणजे एखाद्या गोष्टीचं कारण कुणाकडे तरी लावून देणे. या तिसऱ्या अर्थासाठी शेपटीला 'टू' हवा, जो मी पाहिला नव्हता.

हा तिसरा अर्थ दुसऱ्यातून निघाला असावा असं मला वाटतं. कारण आपल्याकडेही अगदी तसंच आहे. वाण्याच्या दुकानात 'माझ्या नावावर मांडा' म्हणतो, हिशेबात रक्कम एखाद्याच्या 'नावे टाकतो'. मग तीच भाषा दोषाला लागते, कुणाचंही पाप कुणाच्याही नावावर मांडलं जातं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीला हे कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटत राहतं.

आता दख्खनच्या दंग्यांकडे येऊ. माझ्या माहितीत दुसरी अशी घटना नाही जिच्यात या क्रियापदाचे तिन्ही अर्थ एकापाठोपाठ एक जिवंत होतात.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं, भीमथडी तालुक्यातलं सुपे. बाजाराचं गाव, सावकारांची दुकानं तिथेच. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना पैसे नको होते, माणसंही मारायची नव्हती. त्यांना हव्या होत्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले की त्यांची होळी. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी सावकारांची घरं पेटवली गेली, पण माणसांवर हल्ले त्या मानाने कमी झाले. पुण्याहून हे लोण अहमदनगर जिल्ह्यात गेलं आणि पुढच्या दोन महिन्यांत तीसहून जास्त गावांपर्यंत पोहोचलं. सगळीकडे प्रकार तोच, आधी कागद मागायचे, मग जाळायचे.

कागदच का? इथे दुसरा अर्थ येतो, मांडण्याचा.

१८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेऊ लागला. जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज यांची बेरीज नव्या कागदावर मुद्दल म्हणून चढायची आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू. शेतकऱ्याला वाचता येत नसे. कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी काढत असे. कागदावर काय मांडलंय हे लिहिणाऱ्याला ठाऊक, निशाणी करणाऱ्याला नाही. भरलेल्या पैशाची पावती मिळेलच असंही नव्हतं. पुढे चौकशीत आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांपेक्षा जास्त व्याज लागलेलं आढळलं. कोर्टात गेलं की कोर्ट कागद पाहणार, आणि कागदावर निशाणी आहेच.

ही अडचण आजची नव्हती तर चढत आलेली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव उतरले, सावकारांनी हात आखडते घेतले. त्याच सुमाराला सरकारने महसुलाची फेरआकारणी काढली. तीस वर्षांपूर्वीच्या आकारणीची मुदत संपली होती आणि नवा सारा काही ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी चढला. म्हणजे सारा भरायला कर्ज हवं आणि कर्ज द्यायला सावकार तयार नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यात सावकारांवर बहिष्कार सुरू झाला होता. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत. सुप्याची आग त्यानंतरची.

मग पहिला अर्थ, मोडण्याचा. दंगे सुरू झाल्यावर गावोगाव पोलीस ठाणी बसली, फौज आली, धरपकड झाली, शिक्षा झाल्या. तरी मुलूख पूर्ण शांत व्हायला काही महिने गेले. इंग्रजी पुस्तकात हे सगळं अनेकदा एका वाक्यात संपतं, दंगे 'पुट डाउन' झाले. आपण मराठीत लिहितो, 'दंगे मोडून काढण्यात आले.' इथे थोडं थांबा. या मराठी वाक्यात कर्ता कुठे आहे? इंग्रजी कर्मणी प्रयोगात तो गायब होता, आपण तो तसाच गायब ठेवून भाषांतर केलं. कुणी मोडले? पोलिसांनी की लष्कराने? कुणाच्या हुकमाने? किती दिवसांत? एकाच क्रियापदाने इतके प्रश्न गिळले आणि ढेकरही दिली नाही.

रणजित गुहा यांचा १९८३ चा 'द प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी' हा निबंध नक्की वाचा. सरकारी कागदांतली भाषा बंडाला वादळासारखं, वणव्यासारखं, साथीच्या रोगासारखं कसं रंगवते आणि बंड करणाऱ्याचा विचार, निर्णय त्यातून कसा पुसला जातो हे ते दाखवतात. 'ब्रेक आउट' हे दुसरं क्रियापद त्यांच्या वाचनानंतर तुम्हाला साधं वाटणारच नाही. पटकी 'ब्रेक आउट' होते, आग होते आणि दंगाही होतो. पटकी काही आदल्या रात्री चावडीवर बसून ठरवत नाही, बहिष्कार घालणारे मात्र ठरवतात. एकाच क्रियापदाने दोघांना एका रांगेत बसवलं. मी त्यात एवढंच जोडेन की 'ब्रेक आउट' आणि 'पुट डाउन' ही जोडी आहे. सुरुवात आपोआप होते, शेवट सरकार करतं.

आणि आता तिसरा अर्थ, जिथे मी घसरले होते.

१८५७ होऊन जेमतेम १८ वर्षं झाली होती. शेतकरी जमाव करून कागद जाळतायत ही बातमी वरपर्यंत पोहोचल्यावर घाबरगुंडी उडणं साहजिक होतं. हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारवर दबाव आणला आणि चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. आयोगाला एक गोष्ट खास तपासायला सांगितली होती : सरकारी सारा या दंग्यांचं कारण आहे का? आयोगाने साक्षी घेतल्या, जिल्ह्याजिल्ह्यांतले साऱ्याचे, भावांचे, व्याजाचे आकडे गोळा केले आणि निष्कर्ष काढला की साऱ्यामुळे शेतकरी चिडलेले नव्हते, राग सावकारांवर होता.

म्हणजे दंगा सावकाराच्या नावे टाकला गेला.

हे पूर्ण खोटं होतं का? नाही. वह्या सावकारांच्याच जळाल्या, मामलेदार कचेरीतली दप्तरं नाही. शेतकऱ्याचा राग ज्याच्या दारात जाऊन उभा राहिला तो सावकारच होता. पण तो कर्ज कशासाठी काढत होता, हा प्रश्न विचारला की सारा पुन्हा दारातून आत येतो. पुण्याची सार्वजनिक सभा वाढीव साऱ्याविरुद्ध बोलत होतीच. पुढे जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारी पट्टी, कामगारांची लाचखोरी आणि सावकारी हे सगळे फास एकमेकांत गुंतलेले दिसतात. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारचा सारा दोषमुक्त केला यात नवल नाही, नवल वाटावं ते यात की त्याच अहवालातले आकडे आणि साक्षी आज त्याच निष्कर्षाविरुद्ध वापरता येतात. म्हणून अहवाल फेकून देऊ नका. फक्त, कुणी कुणाच्या नावे काय टाकलं, हे प्रत्येक पानावर तपासा.

इतिहासकारांचंही यावर एकमत नाही हे लक्षात ठेवा. रवींद्र कुमार यांनी १९६८ च्या पुस्तकात या दंग्यांमागे ग्रामसमाजाची बदललेली घडी पाहिली. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या लेखात तर 'दख्खनचे दंगे' हे प्रकरणच आपण फुगवून ठेवलंय असा मुद्दा मांडला. तुम्हाला कुणाची बाजू घ्यायची ती घ्या, पण घेण्याआधी प्रत्येकाने कारणाचं खातं कुणाच्या नावावर उघडलंय ते पाहा.

अशीच एक नोंद दंग्यांनंतर लगेचच्या वर्षांतली, आणि ती मला जास्त त्रास देते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. दुष्काळी कामांवर मजुरांना किती द्यायचं यावर वाद झाला. रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला १ पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असा दर लावला, मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर कष्टकरी माणूस जगणार नाही म्हणून विरोध केला. माणसं मरत होती आणि मृत्यूची नोंद होत होती. नोंदीचे रकाने ठरलेले : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, आणि 'इतर'. महिनाभर अर्धपोटी राहिलेला माणूस शेवटी जुलाबाने गेला तर तो कुठे मांडला जाणार? पोटाच्या विकारात. इथे मांडणं आणि माथी मारणं यांत अंतरच उरत नाही. रकान्यात लिहिणं हेच कारण ठरवणं. त्यामुळे मृत्यूचे तक्ते वापरणार असाल तर तापाचा आकडा वाचताना शेजारी ज्वारीचा भाव ठेवून वाचा.

दंग्यांचा कायदेशीर शेवट १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्यात झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्यात काय होतं पाहा : शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, आणि कोर्टाने फक्त रोख्यावरचा आकडा न पाहता कर्जाचा मागचा इतिहास उकरावा. म्हणजे सुप्याला जे जळलं त्याचं मर्म कायद्याने अर्धंमुर्धं का होईना ओळखलं. भांडण कागदावर काय मांडलंय आणि कुणी मांडलंय याचंच होतं. साऱ्याबद्दल मात्र हा कायदा गप्प.

आता थोडं कामाचं. डिजिटल संग्रहात हे क्रियापद शोधताना 'पुट डाउन' एवढंच टाकलंत तर निम्म्या जागा हातच्या जातील. इंग्रजी या जोडीच्या मध्ये कर्म घुसवते, 'पुट द रायट डाउन'. सर्वनाम असेल तर ते मध्येच यावं लागतं, 'पुट इट डाउन'. म्हणून दोन शब्द जवळजवळ असलेल्या जागा शोधायची सोय असेल तर ती वापरा. दुसरं, 'पुट'चं रूप वर्तमानात आणि भूतकाळात तेच राहतं. टिपणाच्या तुटक भाषेत काम झालं की करायचं आहे हे क्रियापदावरून कळत नाही, तारीख आणि मागचंपुढचं पत्र पाहावं लागतं. तिसरं तुम्हाला आता ठाऊक आहे, शेपटीचा 'टू'.

आणि मराठी शब्द निवडताना जरा जपून. 'दंग्याचा बंदोबस्त केला' असं आपण सहज लिहून जातो. बंदोबस्त पोलिसांचा असतो, गणपतीतही असतो आणि उंदरांचाही करतात. शेतकऱ्यांच्या जमावासाठी तो शब्द वापरला की आपण कलेक्टरच्या खुर्चीत बसलो. तिथे बसायचंच असेल तर बसा, पण कळून बसा.

माझ्या त्या चार पानांचं पुढे काय झालं? तीन फाडली. चौथ्यावरचं एक वाक्य ठेवलं, दुरुस्त करून : "दंग्यांचा दोष गावपुढाऱ्यांच्या नावे टाकण्यात आला." मोठ्या अभिमानाने मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं, पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं, "कोणी?"

ते वाक्य अजून अपुरंच आहे. गुरुवारी अभिलेखागारात जातेय.